विमानतळ ते लॉज, मार्गे पाहुणे

ती घटना आठवली की आजही मला आधी भज्यांचा वास येतो आणि मग गुन्हा आठवतो. अपहरणाच्या प्रकरणात भजी कुठून आली, ते पुढं येईलच. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदोन तपासांत बरं नावही झालं. पण घरी चार माणसं बसली की बायको म्हणते, "अहो, ते विमानाचं सांगा की." म्हणजे जिथं माझी फजिती झाली नेमकं तेच.

तेव्हा मी नांदेडला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. विमानतळ आमच्या हद्दीत. कुणी मोठा माणूस उतरणार असला की आम्ही तिथं बंदोबस्त लावायचो, त्यापलीकडं आमचा त्याच्याशी संबंध नव्हता. बाकीचे उतारू फाटकाबाहेर येऊन पुढं कसे जातात, ऑटोनं जातात की सिटी बसनं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मला सरकारी गाडी होती. ज्याला गाडी आहे त्याला रस्ता दिसत नाही, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

दुपार कलली होती. ठाणे अंमलदारानं माझ्याकडं फोन दिला. पलीकडं बंगळुरूहून एक तरुण इंजिनिअर होता.

"सर, अप्पा दुपारच्या विमानानं नांदेडला उतरलेत. माझे वडील. स्टेशनजवळच्या लॉजवर पोचायला हवे होते. पोचले नाहीत. मोबाइल बंद लागतोय."

"त्यांना गाडी का ठरवून दिली नाही?"

"त्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, मोटार पाठवलीस तर मी पोचलो असं कसं म्हणायचं? मोटार पोचली."

मग त्यानं सगळं सांगितलं. गाव जळकोट तालुक्यातलं. आई गेल्यावर त्यानं अप्पांना बंगळुरूला आपल्याकडं नेलं, अकराव्या मजल्यावर. अप्पांचं तिथं मन लागेना. गावाकडं जाऊन राहतो, असं त्यांनी धरलं. मुलाला धास्ती वाटायची, या वयात एकटं कसं सोडायचं? शेवटी बापलेकांत ठरलं. अप्पांनी एकट्यानं विमानानं नांदेडला यायचं, तिथून चारचौघांसारखं ऑटो नाही तर बसनं लॉजवर जायचं, रात्रीचा मुक्काम करायचा, सकाळच्या एसटीनं गाव गाठायचं. जमलं, तर खुशाल गावाकडं राहायचं. नाही जमलं, तर परत अकरावा मजला, आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही.

"सर, आता तो विषयच संपला. फक्त अप्पा सापडू देत," तो म्हणाला.

मी बेपत्ता व्यक्तीची नोंद घ्यायला सांगितली. वर्णन बिनतारी संदेशानं शहरातल्या सगळ्या ठाण्यांना दिलं. वय सत्तरच्या पुढं, धोतर, पांढरा सदरा, टोपी, हातात निळी बॅग. गुन्हे शोध पथकाचा हवालदार दोन शिपाई घेऊन विमानतळाकडं गेला.

आणि तेवढ्यात खबर आली.

आमचा एक खबऱ्या विमानतळाच्या रस्त्याला पानटपरी चालवायचा. माणूस चांगला, पण जे दिसेल ते पळवापळवीच्या सुरात सांगायचा.

"साहेब, म्या डोळ्यांनी बघितलं. एक बाप्या अन् एक बाई. म्हातारं फाटकातून चालत आलं, रस्त्याला ऑटोसाठी हुबारलं. ही दोघं बी तिथंच. आधी गोड गोड बोलले. मंग बाईनं बॅग घेतली अन् बाप्यानं दंडाला धरलं. म्हातारं नको नको म्हणून राहिलं होतं. ओढलं अन् घातलं शेअर ऑटोत!"

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर काट्याबरोबर थोडा आनंदही झाला. कारण महिन्याभरापूर्वीच मी नाशिकला एका प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो. विषय, वृद्धांना हेरून लुबाडणाऱ्या टोळ्या. तिथं पडद्यावर दाखवलं होतं, टोळीत एक स्त्री असते, म्हणजे विश्वास बसतो. आधी गावाची चौकशी करतात. मग सामान ताब्यात घेतात. प्रशिक्षणातून परतलेल्या अधिकाऱ्याला आठवडाभर जिथं तिथं टोळ्या दिसतात. मला महिनाभर दिसत होत्या.

मी ठाण्यात सगळ्यांना गोळा करून छोटंसं भाषण ठोकलं. "सराईत जोडी आहे. कार्यपद्धती ओळखा." आणि मग या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक केली. मुलाला फोन लावून सांगितलं, "आपल्या वडिलांना दोन संशयित इसमांनी नेल्याचं निष्पन्न होत आहे."

मग तो म्हणाला, "सकाळच्या विमानानं मी येतो. त्यांना घेऊनच जातो."

चौकातल्या कॅमेऱ्यात ऑटो सापडला. ऑटोवाल्याला आणलं. तिशीचा गडी, तोंडात अर्धा गुटखा, चेहऱ्यावर भीतीपेक्षा कंटाळा जास्त.

"ती दोघं कोण होती?"

"सवाऱ्या होत्या साहेब."

"म्हाताऱ्याला जबरदस्तीनं बसवलं का नाही?"

"जबरदस्ती म्हणजे... बसवलं, हाव."

"तो नको म्हणत होता?"

"हाव. लई बार म्हणला."

"मग तू ऑटो कामून नाही थांबवलास?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय. "साहेब, नको नको तर सगळेच म्हणतात."

माझा पारा चढला. टेबलावर हात आपटला. एक नागरिक नको म्हणतो, तुझ्यासमोर त्याला ओढून नेतात, आणि तू वर मला हे ऐकवतोस? कुठं सोडलंस त्यांना? तो म्हणाला, तरोड्याच्या बाजूला, एका किराणा दुकानाच्या कोपऱ्यावर, पुढं गल्लीत कुठं गेले ते बघितलं नाही. मी तेच प्रश्न पुन्हा विचारले. खोटं बोलणारा दुसऱ्या वेळी अडखळतो, हा माझा अनुभव. हा गडी अडखळला नाही. उलट म्हणाला, "साहेब, चहा सांगा की. तुमचा बी घसा बसून राहिला."

त्याच वेळी माझा मोबाइल वाजला. घरून.

"अहो, गाडी मोकळी आहे का?"

"कशाला?"

"मला तरोड्याला सोडायला. माझ्या मावशीच्या नणंदेकडं पाहुणे आलेत जळकोटचे. म्हातारे आहेत बिचारे, पहिल्यांदा विमानात बसून आले. सगळ्या जणी बघायला चालल्यात. मी पण..."

"इथं माणूस पळवून नेलाय आणि तुला पाहुणे सुचतात? मी तपासात आहे. ठेव!"

फोन ठेवला. ऑटोवाल्याकडं वळलो. "हं, तर तू म्हणतोस तरोडा..." असं मी म्हणालो आणि थांबलो. वाचकांच्या कधीच ध्यानात आलं असेल. माझ्या यायला आणखी थोडा वेळ लागला. त्या काळात मी एकदा कॅमेऱ्याचं चित्र बघितलं, एकदा पंख्याकडं बघितलं.

मग मी ऑटोवाल्याला हळू आवाजात विचारलं, "ते वाटेत बोलत काय होते?"

"गावाकडचंच की, साहेब. बाईनं इचारलं कोणचं गाव? म्हातारं म्हणलं जळकोटपशी. ती म्हणली, आमची सून तिकडलीच, मुखेडात तिचं आजोळ. म्हातारं म्हणलं, मुखेडात माझा साडू. मंग निघालं नातं. बाई म्हणली, आता गं बया, मामा, सोयरे असून लॉजवर ऱ्हाता? आमी मेलो का काय?"

"आणि हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इचारलंच कुठं?"

बायकोला उलटा फोन केला तर ती उचलेना. मी तिच्यावर खेकसलो होतो, त्याची शिक्षा. तेव्हा आम्ही ऑटोवाल्यालाच पुढं बसवून गाडी काढली. माझ्या डोक्यातली टोळी अजून पूर्ण गेली नव्हती, म्हणून मी एका शिपायाला मागच्या दारावर उभं केलं. घर ओळखायला अडचण पडली नाही. दारात चपलांचा ढीग होता.

आत गेलो. दिवाणावर अप्पा बसलेले. बारीक चणीचे, टवटवीत. समोर ताटात शिरा, पोळ्या, वरण, आणि भजी. भोवती आख्ख्या गल्लीतल्या बाया. एक विचारत होती, "मामा, वर गेल्यावर पोटात कालवतं का?" अप्पा म्हणत होते, "आपल्या मुखेड गाडीपेक्षा कमी." स्वयंपाकघरातून कढईचा आवाज येत होता, आणि झारा हातात धरून दारात जी बाई आली ती माझी बायको. शेजारणीच्या स्कूटीवर बसून आली होती.

"या," ती म्हणाली. "लई लवकर आलात."

घरधनी पुढं आले. मंडईत ठोक भाजीचा व्यापार करणारे, साठीचे, गोल चेहऱ्याचे. लेकीला विमानात बसवायला दोघं गेले होते आणि परतताना रस्त्यावर अप्पा भेटले, एवढीच त्यांची कार्यपद्धती. मी त्यांना कायदेशीर भाषेत काही विचारायला तोंड उघडलं, तोवर त्यांच्या बायकोनं माझ्या हातातली टोपी काढून घेतली आणि त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "जावई पहिल्यांदा दारात आले अन् उभ्यानं जातील व्हय?" मी नको नको म्हणत होतो. मला ओढून ताटावर बसवलं. खबऱ्याचं वर्णन शब्दान् शब्द बरोबर होतं, हे मला त्या वेळी मान्य करावं लागलं. मागच्या दारावरचा शिपाई तर आधीच आत येऊन जेवायला बसला होता.

हसणं चाललं होतं. मी भजं तोंडात टाकून अप्पांना म्हटलं, "फोन का बंद ठेवलात? सगळं शहर शोधतंय तुम्हाला."

"विमानातल्या पोरीनं बंद करा म्हणलं. केला. चालू करा म्हणून कुणी बोललंच न्हाई." मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "शोधतंय म्हंजे? कुणी सांगितलं शोधायला?"

"तुमच्या मुलानं."

"अन् तुम्ही त्याला काय बोलला?"

मी सांगितलं. दोन संशयित इसम, निष्पन्न, वगैरे. सांगताना माझाच आवाज बारीक होत गेला.

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"संपलं मंग," ते म्हणाले. "लॉजवर पोचायचं ठरलं होतं. न्हाई पोचलो. गल्ली सापडली, माणसं सापडली, पर ठरलं ते न्हाई झालं."

"अहो मामा, पोराला आम्ही सांगतो की," घरधनी म्हणाले.

"काय सांगता? जळकोटला सकाळी दार उघडलं की समोर लिंबाचं झाड हाय. तिथं दार उघडलं की लिफ्ट. त्या लिफ्टीला बघून बघून आता म्हातारपण काढायचं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कुणावर रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी बाहेर ओट्यावर जाऊन मुलाला फोन केला. अप्पा सुखरूप आहेत म्हटल्यावर तो आधी रडला, मग चिडला.

"म्हणजे कुणीही हात धरला की जाणार ते. आज चांगली माणसं भेटली. उद्या?"

"चूक माझी आहे. मी उगाच..."

"सर, ठरलं होतं लॉजवर पोचायचं. पोचले का?"

तेवढ्यात मागून अप्पांनी फोन मागितला. "बाळा, मला उद्या सकाळी परत विमानतळावर सोडायला सांगतो. तिथून पुन्हा निघतो. एकटा. फाटकापासून. साहेब मागं राहून बघतील, मदत करायची न्हाई. पोचलो तर पोचलो. न्हाई पोचलो तर तू येऊन घेऊन जा, मी तोंडातून शब्द काढणार न्हाई."

त्यांनी फोन परत माझ्या हातात दिला. मग मुलगा मला म्हणाला, "सर, तुम्ही साक्षीला असाल तर मी एक दिवस थांबतो. पण खरं सांगायचं."

नोकरीभर मी साक्षीदार उभे केले. स्वतः साक्षीदार व्हायची पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अप्पांना विमानतळाच्या फाटकाशी सोडलं. मी साध्या वेशात होतो. साधा वेश म्हणजे आमच्या खात्यात कडक इस्त्रीचा चौकटीचा शर्ट आणि तेच तपकिरी बूट, त्यामुळं तिथल्या सुरक्षारक्षकानं मला सलाम ठोकला. मोबाइल आवाज बंद करून खिशात ठेवला, पाळत ठेवताना वाजायला नको म्हणून. अप्पा एकदाही मागं न बघता मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले, निळी बॅग छातीशी धरून. आदल्या दिवशी बाईंनी ओढताच हातातून सुटलेली तीच बॅग. शेअर ऑटो आला. "स्टेशन?" "हाव." ते मागं कडेला बसले. मी समोरच्या आडव्या पाटीवर गुडघे दुमडून बसलो.

पुढच्या थांब्यावर एक पागोटेवाले म्हातारे चढले. मला धडकी भरली, कारण त्यांनी बूड टेकायच्या आधीच अप्पांकडं बघून प्रेमानं विचारलं, "कोणचं गाव पाव्हणं?"

अप्पांनी बॅग आणखी घट्ट धरली. "बाहेरचा हाय."

"बाहेरचा म्हंजी?"

"लई बाहेरचा."

"बोलण्यावरून तर जळकोट-मुखेडाकडले दिसता."

"मला ऐकू येत न्हाई," अप्पा म्हणाले आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं. आपलं गाव नाकारताना त्यांची हनुवटी हलत होती. मला उठून त्यांना सलाम करावासा वाटला.

पागोटेवाले हिरमुसले. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "अन् तुम्ही, साहेब?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण माणूस एवढा खट्टू झाला होता, की म्हटलं एवढ्यानं काय होतंय. "उदगीरकडचा," मी म्हणालो.

"उदगीर! उदगीरला कुणाकडले?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांची लेक आमच्या शिवेला लागून असलेल्या गावात दिलेली. तिथल्या शाळेत माझे थोरले भाऊ मास्तर होते. माझे भाऊ पोरांना गणित न आलं की चिंचेच्या झाडाखाली उभं करायचे, हे त्या माणसाला ठाऊक होतं! कारण त्यांचा जावई त्या झाडाखाली उभा राहिलेला. मग बोलणं कुठून कुठं गेलं. नंतर अप्पांनी सांगितलं, की उतरताना त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला होता आणि मी त्यांच्याकडं न बघताच म्हणालो होतो, "हां हां, या."

मी भानावर आलो तेव्हा स्टेशन मागं पडलं होतं, गोदावरीचा पूल मागं पडला होता आणि ऑटो सिडकोत उभा होता. "आता आलातच तर घोटभर चहा," पागोटेवाले म्हणाले. मी नको नको म्हणालो. त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

चहाबरोबर पोहे आले. पोहे संपता संपता मी खिशातून मोबाइल काढला. सगळा पडदा चुकलेल्या कॉलनी भरला होता. ठाण्याला फोन केला. ठाणे अंमलदार मोठ्या अदबीनं म्हणाला, "साहेब, आपण बेपत्ता आहात."

झालं असं होतं. अप्पा स्टेशनपाशी उतरले, लॉजवर चालत गेले, खोलीची किल्ली घेतली आणि काउंटरवरच्या माणसाकडून मुलाला व्हिडिओ कॉल लावून मागचा लॉजचा फलक दाखवला. मुलगा म्हणाला, "अप्पा, साहेब कुठायत?" अप्पा म्हणाले, "मागं होते. कुठं तरी सुटले." थोडा वेळ वाट पाहून त्यांना काळजी वाटली, म्हणून त्यांनी ठाण्याला कळवलं. अंमलदारानं नियमाप्रमाणं वर्णन विचारलं. अप्पांनी सांगितलं, "पोट पुढं आलेलं, मिशा भरघोस, साध्या कपड्यांत असून बी पोलीस वाटणारा. स्वभावानं भोळा. कुणी हात धरला की जातो." शेवटची दोन वाक्यं बिनतारी संदेशात घालायची गरज नव्हती, असं माझं आजही मत आहे.

मी लॉजवर पोचलो तेव्हा व्हिडिओ कॉल चालूच होता. मी खरं ते सांगितलं, साक्षीदार म्हणून. मुलगा हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. डोळे पुसत म्हणाला, "अप्पा, तुम्ही पोचलात आणि पोलीस हरवले. आता मी काय बोलू? जा गावाकडं." बॅग उघडून अप्पांनी दाराच्या कुलपाची जुनी पितळी किल्ली काढली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली, एवढंच. दुपारच्या गाडीनं ते निघाले. खिडकीतून म्हणाले, "साहेब, जपून जावा घरी."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, तुम्ही संशयिताला विचारा की काय केलं. पण त्याच्याआधी ते वाटेत बोलत काय होते, तेही विचारा. आमच्या मुलखात नातं रस्त्यातच निघतं. आणि दुसरं, तोंडानं नको म्हणणारा माणूस खरंच नको म्हणतोय का, हे बघायचं असेल तर त्याच्या हातातल्या सामानाकडं बघा. ज्याला जायचं नसतं तो बॅग छातीशी धरतो. कुणी तशी धरली असेल तर तिथं हात घालायचा नाही, मग नातं कितीही जवळचं निघो. आणि ती ओढणाऱ्याला सोडायचं नाही. हे मला चाळीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं नाही, एका निळ्या बॅगेनं शिकवलं.

निवृत्तीनंतर आम्ही नांदेडलाच राहिलो. अप्पा आता गावाकडं असतात. सणाला बंगळुरूला जातात आणि विमानानं परत येतात. येण्याआधी फोन करून बजावतात, "साहेब, लॉज ठरवलंय. तुम्ही येऊ नका." गेल्या खेपेला मी शेअर ऑटोनं जाऊन फाटकाबाहेर थांबलो. ते चालत आले, मला बघून जागीच थबकले.

"न्हाई हं साहेब. नको. नको म्हणजे नको. उगी वहिनीला तरास."

मी पुढं होऊन बॅगेला हात घातला. ती अगदी सहज हातात आली.